नोम : तिसऱ्या बुटक्याची जागा

नोम हा कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांतला एक ठेंगणा वंश. उंची तीन ते चार फूट, वजन अठरा किलोंच्या आसपास, आयुष्य साडेतीनशे ते पाचशे वर्षे; नाक मोठे, डोळे लुकलुकते, बोलण्यात घाई आणि हातात नेहमी काहीतरी उघडून ठेवलेले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी खेळाने त्याला हे रूप दिले आणि तिथून तो इतर खेळांत, कादंबऱ्यांत आणि संगणकावर पसरला. या प्रकारच्या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसून एकेक पात्र चालवतात. एक जण, म्हणजे डंजन मास्टर, बाकीचे सगळे जग सांभाळतो आणि अडल्या प्रसंगाचा निकाल वीस बाजूंचा फासा लावतो. पात्र बनवताना दोन गोष्टी आधी ठरतात : वंश आणि पेशा. एल्फ, ड्वार्फ, माणूस हे वंश खेळाडूंसाठी खुले असतात. गॉब्लिन, ट्रोल, राक्षस डंजन मास्टरच्या ताब्यात राहतात. नोमचे नाव गेल्या पन्नास वर्षांत या दोन्ही याद्यांत लागले आहे. कधी तो खेळाडूंच्या पंक्तीत बसला, कधी त्याला उठवून राक्षसांच्या यादीत पाठवले, आणि मग पुन्हा पाट मांडला. ही अस्थिरता त्याच्या प्रवेशापासूनची आहे. एल्फ आणि ड्वार्फ कथा घेऊन खेळात आले, तर नोम एका नियमाच्या आधाराने आला. तो नियम बदलला तेव्हा त्याच्या पायाखाली काही उरले नाही.

नोमला नाव आणि घर देणारा पहिला माणूस म्हणजे पॅरासेल्सस हा सोळाव्या शतकातला स्विस वैद्य व किमयागार. १५४१ मध्ये तो वारला. १५६६ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथात चार तत्त्वांत राहणारे चार प्रकारचे जीव येतात : पाण्यातले उंडाइन, हवेतले सिल्फ, अग्नीतले सॅलमँडर आणि मातीतले नोम. माणूस जसा हवेतून वावरतो तसा नोम खडकातून वावरतो, त्याला वाट खणावी लागत नाही. त्याच सुमारास जर्मन खाणशास्त्रज्ञ अ‍ॅग्रिकोला याने भूमिगत प्राण्यांवरच्या १५४९ च्या पुस्तकात खाणीतल्या बुटक्यांची हकिकत नोंदवली. ते खाणकामगारांच्या वेषात असतात, खणतात, भरतात, ओढतात, दिवसभर लगबग करतात आणि संध्याकाळी पाहावे तर काम काहीच झालेले नसते. वर ते हसतात. पुढच्या काळातला विनोदी नोम या वर्णनात जवळजवळ सगळा सापडतो.

मधल्या तीनशे वर्षांत नोमची पत घसरत गेली. अलेक्झांडर पोपने अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्या विडंबनकाव्यात सिल्फांबरोबर नोमही वापरले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या थुरिंजिया भागात मातीचे रंगीत नोम बनू लागले. सर चार्ल्स आयशम यांनी १८४७ मध्ये इंग्लंडात लॅम्पोर्ट हॉलच्या बागेत ते आणून बसवले, आणि लाल टोपीचा, दाढीवाला बागेतला बाहुला घरोघर पोचला. अमेरिकेत एल. फ्रँक बॉमने १९०७ च्या ओझ-कथेत नोमांचा राजा रंगवला. त्याच्या पायाशी खाणींची संपत्ती आहे, पण कोंबडीचे अंडे दिसले की त्याची गाळण उडते.

जे. आर. आर. टॉल्किनचा निर्णय नोमच्या दृष्टीने सगळ्यात महागात पडला. आरंभीच्या लिखाणात त्याने आपल्या ज्ञानी, कारागीर एल्फांच्या एका कुळाला नोमच म्हटले होते. ‘द हॉबिट’च्या १९३७ च्या पहिल्या आवृत्तीतही तसा एक उल्लेख होता. पुढे त्याने तो काढला, कारण वाचकांच्या डोळ्यांपुढे बागेतला बाहुलाच उभा राहणार हे त्याला कळले होते. टॉल्किनच्या ग्रंथांतून ड्वार्फला खाणी, वंशावळ्या आणि जुनी वैरे मिळाली, एल्फला भाषा आणि इतिहास मिळाला, तर हॉबिटच्या वाट्याला दोन महाकाय कथा आल्या. हे खेळ तयार करणाऱ्यांची पहिली पिढी टॉल्किनवर पोसलेली होती, आणि टॉल्किनच्या घरात नोमची खोली रिकामी होती.

खेळातला त्याचा प्रवेश कंसातून झाला, असे म्हणणे अतिशयोक्ती नाही. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या १९७१ च्या लढाईच्या खेळात एका नोंदीचे शीर्षक ‘ड्वार्फ’ असे होते आणि पुढे कंसात ‘आणि नोम’. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापले. त्यात खेळाडूंसाठी माणूस, ड्वार्फ, एल्फ आणि हॉबिट होते. (टॉल्किनच्या हक्कदारांनी हरकत घेतल्यावर हॉबिटचा हाफलिंग झाला.) नोमला जागा मिळाली ती प्राण्यांच्या पुस्तिकेत आणि तीही तुलनेपुरती : ड्वार्फपेक्षा थोडा लहान, दाढी अधिक लांब, वस्ती डोंगराऐवजी टेकड्यांत आणि सखल भागातल्या बिळांत. एवढेच.

१९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये तो खेळाडूंच्या यादीत आला. त्याला तिथे तगवणारी गोष्ट मात्र त्याच्या आधीच तयार झाली होती. १९७५ च्या हिवाळ्यात पीटर अ‍ॅरनसन यांनी ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात मायावी जादूगाराचा, म्हणजे इल्युजनिस्टचा, स्वतंत्र पेशा मांडला होता. आगीचे गोळे न फेकता खोटी दृश्ये, खोटे आवाज आणि भास निर्माण करणारा हा जादूगार. १९७८ च्या नियमांनुसार हा पेशा फक्त दोन वंशांना घेता येई : माणसाला आणि नोमला. जादूत मुरलेल्या एल्फलासुद्धा तो बंद होता. त्या काळात माणसाखेरीज बाकी वंशांना बहुतेक पेशांत ठरावीक पायरीपर्यंतच चढता येई. नोम मायावीची शिडी सातव्या पायरीवर संपत असे. तरी तो एकाच वेळी मायावी आणि चोर असे दोन पेशे सांभाळू शके, आणि हे जोडकाम फार जणांना आवडले. ज्याला माणूस नको पण भास हवेत, त्याला एकच दार उघडे होते. नोम इतकी वर्षे यादीत राहिला तो प्रामुख्याने या मक्तेदारीमुळे. त्याच्या स्वभावाचा किंवा समाजाचा त्यात फारसा संबंध नव्हता.

स्वभाव नंतर जोडला गेला. १९८० च्या देवतांच्या पुस्तकात गार्ल ग्लिटरगोल्ड हा नोमांचा देव आला : रत्ने घडवणारा, खोड्या काढणारा, हसतमुख. नोम आणि कोबोल्ड या दोन बुटक्या जमातींच्या पिढीजात वैराचे मूळही या देवाच्या एका खोडीत सांगितले जाते. गार्लने कोबोल्डांच्या देवाची, कुर्टुलमाकची, गुहा त्याच्या अंगावर कोसळवली. नोमांच्या बाजूने ही गोष्ट गमतीची आहे. कोबोल्डांच्या बाजूने ती गाडून टाकल्याची आहे. खेळाच्या लेखकांनी कितीतरी वर्षे पहिलीच बाजू सांगितली.

ऐंशीच्या दशकात नोमच्या दोन शाखा फुटल्या आणि त्या अगदी विरुद्ध दिशांना गेल्या. पहिली शाखा खोल पाताळातल्या नोमांची. त्यांचे स्वभाषेतले नाव स्विर्फनेब्लिन. गायगॅक्सने १९७८ च्या साहसकथांत त्यांना आणले आणि १९८५ मध्ये ते खेळाडूंना खुले झाले. राखाडी अंग, तुळतुळीत डोके, शब्द मोजून वापरणारे, भोवताली ड्रो एल्फांसारखे शत्रू असल्याने सदा सावध. आर. ए. साल्व्हातोरे यांच्या १९९० च्या कादंबरीतला बेल्वार हा त्यांचा सगळ्यात ठसठशीत प्रतिनिधी. ड्रो एल्फांनी त्याचे दोन्ही हात तोडले आहेत, आणि एका मनगटाला धातूचा हातोडा तर दुसऱ्याला कुदळ बसवलेली आहे. हा नोम कोणालाही हसवत नाही, आणि वंशाला वजन देता येते याचा तो पुरावा ठरला.

दुसरी शाखा ‘ड्रॅगनलान्स’च्या जगातली. १९८४ पासून आलेल्या या कथांत नोम यंत्रे बनवतात. ती यंत्रे गरजेपेक्षा दसपट गुंतागुंतीची असतात आणि चालली तर भलतेच काही करतात. माउंट नेव्हरमाइंड या त्यांच्या डोंगरात वरच्या मजल्यावर जायला गोफणीसारख्या यंत्रात बसावे लागते. ते माणसाला वर भिरकावते आणि जाळे वेळेवर उघडले तर झेलते. त्यांच्या पूर्ण नावात सगळी वंशावळ येत असल्याने ते सांगता सांगता दिवस मावळतो. कादंबरीत हा विनोद चांगला चालतो, कारण लेखक तो आवरू शकतो. टेबलावर तो आठवड्यामागून आठवडे चालतो. चार जण जीव मुठीत धरून गुहेत शिरलेले असताना पाचवा खेळाडू स्फोटक चहाची किटली पुढे करतो, हा अनुभव इतक्या गटांना आला की नोम म्हटले की काहींच्या कपाळावर आठ्या पडू लागल्या. १९८९ च्या अंतराळी ‘स्पेलजॅमर’ने नोमांच्या जहाजांत महाकाय हॅम्स्टर फिरवले आणि या प्रतिमेवर शिक्का मारला. १९९१ च्या ‘डार्क सन’ने उलट टोक गाठले. त्या वाळवंटी जगाच्या इतिहासात नोमांची कत्तल होऊन वंश नामशेष झाला आहे. एवढा वंश गेला तरी त्या जगात कुठे पोकळी जाणवत नाही, आणि नोमची खरी अडचण त्यात दिसते.

२००० साली तिसरी आवृत्ती आली आणि तिने जुनी कुंपणे काढली. कोणत्याही वंशाला कोणताही पेशा मोकळा झाला. एल्फही मायावी होऊ लागला, हाफलिंगही. नोमची मक्तेदारी एका फटक्यात गेली. त्याच्याकडे शिल्लक राहिली ती थोडीशी जन्मजात जादू आणि बिळात राहणाऱ्या प्राण्यांशी बोलण्याची कला. त्याचा ‘आवडता पेशा’ म्हणून आधी मायावीच ठेवला होता. २००३ च्या सुधारित नियमांत तो बदलून भाट-गवई, म्हणजे बार्ड, केला. अंगभूत गुणांचेही तसेच. तिसऱ्या आवृत्तीत नोम काटक होता, चौथीत बुद्धिमान आणि आकर्षक, पाचवीत मुख्यतः बुद्धिमान. ड्वार्फ चिवट आणि एल्फ चपळ, हे मात्र आवृत्तीमागून आवृत्ती टिकले. नोम नेमका कोण हे खुद्द नियमकर्त्यांनाच ठरवता येत नव्हते.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत त्याची पाळी आली. नव्या हँडबुकात ड्रॅगनबॉर्न, टिफलिंग आणि एलाड्रिन या वंशांना जागा करून द्यायची होती, आणि त्यासाठी नोम व हाफ-ऑर्क वगळले गेले. नोमची नोंद ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये गेली. खेळाडूला तो घ्यायचाच असेल तर मागच्या परिशिष्टात थोडी माहिती होती. खेळाच्या प्रकाशक कंपनीने प्रसिद्धीसाठी एक छोटी कार्टून चित्रफीतही काढली. तीत हँडबुकातून बाहेर पडलेला नोम ‘आपण आता राक्षस’ म्हणत डरकाळी फोडायचा प्रयत्न करतो. हसण्यावारी नेलेला हा बदल अनेक जुन्या खेळाडूंना झोंबला. वर्षभरातच, मार्च २००९ मध्ये, दुसऱ्या हँडबुकातून नोम परत आला.

परतलेला नोम वेगळा होता. आता तो परीलोकातला, फोमोरियन राक्षसांच्या गुलामीतून निसटलेल्यांचा वंशज होता. मार लागताच क्षणभर अदृश्य होण्याची शक्ती त्याला मिळाली. लपणे, निसटणे, मालकाच्या नजरेआड जगणे हे त्याचे वैशिष्ट्य झाले. भास निर्माण करण्याची त्याची जुनी हातोटी पहिल्यांदाच एखाद्या कारणाला जोडली गेली : ज्याला उघडपणे लढता येत नाही तो दृष्टी चुकवायला शिकतो. चौथ्या आवृत्तीवर पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी रास्तही आहे, पण नोमच्या बाबतीत तिने आधीच्या तीन आवृत्त्यांपेक्षा जास्त विचार केला.

त्याच दशकात दोन नव्या जगांनी हे काम अधिक नीट करून दाखवले होते. किथ बेकर यांचे ‘एबेरॉन’ २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकाशकांनी २००२ मध्ये नव्या जगासाठी मागवलेल्या सुमारे अकरा हजार प्रस्तावांतून ते निवडले गेले होते. त्यात झिलार्गो हा नोमांचा देश आहे. तिथे रस्ते स्वच्छ, गुन्हे जवळजवळ नाहीत, लोक गोड बोलणारे. या शांततेमागे ‘द ट्रस्ट’ ही गुप्त संघटना आहे. ती कट शिजण्याआधीच शिजवणाऱ्याला नाहीसा करते, आणि नागरिकांना ते मान्य आहे. कोरॅनबर्गचे ग्रंथालय आणि तिथले वृत्तपत्र खंडभर प्रसिद्ध आहेत. सिव्हिस घराण्यातले नोम कागदपत्रे प्रमाणित करतात, भाषांतरे करतात आणि जादूच्या दगडांतून गावोगाव निरोप पोचवतात, म्हणजे टपाल, तारखाते आणि नोटरी एकाच घराण्याच्या हाती. यांत्रिकी कसब इथेही आहे, पण ते तत्त्वांच्या जीवांना जहाजात जखडून ठेवणारे आहे आणि त्यात नैतिक प्रश्न दडलेला आहे. खोडकर नोमची जिज्ञासा बेकर यांनी माहितीच्या सत्तेत बदलली. लहान चणीचा माणूस तलवारीने राज्य करू शकत नसेल, पण सगळ्यांची गुपिते त्याच्या कपाटात असतील तर तलवार लागतेच कुठे?

‘पाथफाइंडर’ या खेळाच्या गोलॅरियन जगात, २००९ च्या नियमांत, दुसरा मार्ग सापडला. तिथले नोम परीलोकातून मर्त्य जगात आले आहेत आणि त्याची किंमत मोजत आहेत. नवे अनुभव मिळाले नाहीत तर त्यांचे रंग उडू लागतात. केस, त्वचा, डोळे फिके पडतात, मन विझत जाते आणि बहुतेकांचा शेवट होतो. या व्याधीला तिथे ‘ब्लीचिंग’ म्हणतात. त्यामुळे नोमचा चमत्कारिक छंद, भडक कपडे, अनोळखी गुहेत सगळ्यांच्या आधी डोकावणे हे नुसते विदूषकी चाळे राहत नाहीत. कंटाळा हा त्याच्यासाठी जिवावरचा आजार आहे. खेळाडूला पात्र चालवताना प्रत्येक वेळी उपयोगी पडेल असे कारण एका कल्पनेने दिले. नोमसाठी आजवर लिहिल्या गेलेल्या कल्पनांत ही सगळ्यात सकस म्हणावी लागेल.

संगणकावरच्या खेळांत नोमला जागा मिळवायला फारसे झगडावे लागले नाही. तिथे वंश डोळ्यांना दिसतो, आणि महाकाय लढवय्यांच्या गर्दीत तीन फुटांचा गडी चटकन ओळखू येतो. ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये (१९९९) यंत्रकामाचे कौशल्य केवळ नोमांपुरते राखून ठेवले होते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (२००४) नोमांची राजधानी नोमरेगन शत्रूच्या हल्ल्यात पडली. हल्ला परतवण्यासाठी नोमांनी स्वतःच विषारी किरणोत्सर्ग सोडला आणि त्यात त्यांचेच लोक मेले किंवा विकृत झाले. हा यंत्रवेड्या नोमचाच विनोद, पण त्याचा हिशेब पूर्ण मांडलेला. तरी त्या खेळातही नोमांना लाथ मारून उडवण्याची थट्टा खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षे चालली. ‘बाल्डर्स गेट’ मालिकेतही नोम भेटतात. दुसऱ्या भागातला (२०००) यान यान्सेन सलगमांच्या न संपणाऱ्या गोष्टी सांगत राहतो. तिसऱ्या भागात (२०२३) बार्कस रूट हा पाताळातला नोम पहिल्यांदा दिसतो तो पवनचक्कीच्या पात्याला बांधलेला, गरगर फिरणारा, खाली गॉब्लिन खिदळत असलेले. चुकीचा खटका ओढला तर तो आकाशात भिरकावला जातो. योग्य खटका ओढणाऱ्याला पुढे कळते की तो आपल्या मित्राला शोधतो आहे. थट्टा आणि दुःख यांची अशी सांगड नोमच्या वाट्याला क्वचित आली आहे. ‘क्रिटिकल रोल’ या २०१५ पासूनच्या प्रक्षेपित खेळात स्कॅनलन हा नोम गवई आणि पाइक ही नोम पुजारीण मुख्य पात्रांत होती. त्यावरची कार्टून मालिका २०२२ पासून प्राइम व्हिडिओवर आहे.

नियमांच्या पातळीवर नोम घेतल्याने नेमके काय हाती लागते, हे पाचव्या आवृत्तीच्या (२०१४) उदाहरणावरून कळते. जादूने मनावर झालेला हल्ला परतवताना नोमचा खेळाडू फासा दोनदा टाकतो आणि वरचा आकडा धरतो. अनुभवी खेळाडू या एका गुणासाठीही नोम घेतात. अंधारात त्याला दिसते. तोटे छोट्या चणीचे : चाल एका फेरीत तीसऐवजी पंचवीस फूट, आणि मोठी जड शस्त्रे हाताळताना फासा दोनदा टाकून खालचा आकडा धरावा लागतो. डोंगरी नोम दहा मोहरा आणि एक तास खर्चून छोटे चावीचे यंत्र जुळवतो. ते चोवीस तासांत बंद पडते आणि अशी तीनच एका वेळी चालू ठेवता येतात. स्फोटक किटलीवर नियमकर्त्यांनी घातलेली ही वेसण आहे. रानातल्या नोमला छोटा भास निर्माण करता येतो. त्याची मर्यादा पाच फुटांचा घन. आता दृश्य असे : पहारेकरी वळणावरून येतो आहे, भुयारात आडोसा नाही. नोम लाकडी खोक्याचा भास उभा करतो आणि स्वतः त्याच्या आत बसतो. साडेतीन फुटांचा देह पाच फुटांच्या खोक्यात आरामात मावतो. शेजारच्या सहा फुटी योद्ध्याला ही सोय नाही, त्याचे डोके वर निघेल. पहारेकऱ्याने खोक्याला हात लावला तर हात आरपार जाईल आणि बिंग फुटेल. तोवर सगळा खेळ डंजन मास्टरच्या फाशावर आणि नोमच्या श्वासावर चालतो. उंची, बुद्धी आणि भास या तिन्हींचा एकमेकांना उपयोग होतो अशी ही थोड्या जागांपैकी एक.

नोमवरचा मुख्य आक्षेप जुनाच आहे. खाण, रत्ने आणि कारागिरी ड्वार्फकडे आहे. लहान चण, चोरपावले आणि खुशमिजाज स्वभाव हाफलिंगकडे आहे. परीलोक आणि जादू एल्फकडे. मग नोमने वेगळे काय आणले? हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला तर हे सगळे एकाच माळेचे मणी वाटणे साहजिक आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण तो पुरा पडत नाही. ड्वार्फचे कसब परंपरेचे आहे : आजोबांनी घडवली तशीच कुऱ्हाड नातू घडवतो. नोमचे कसब प्रयोगाचे आहे आणि त्यात अपयश गृहीत धरलेले असते. हाफलिंगला घर आणि जेवण पुरते, नोमला बंद दारामागे काय आहे हे कळेपर्यंत चैन नसते. फरक खरा आहे, मात्र तो स्वभावाचा असल्याने नियमांच्या तक्त्यात मावत नाही आणि खेळाडूच्या हुशारीवर अवलंबून राहतो. लोकप्रियतेत नोम मागे पडतो तो यामुळेच असावा. २०१७ मध्ये ऑनलाइन बनवलेल्या पात्रांची आकडेवारी प्रसिद्ध झाली तेव्हा माणूस सगळ्यात वर होता आणि नोम बराच खाली. पण जे नोम घेतात ते सहसा ठरवून घेतात.

भारतीय कल्पनाविश्वातले जीव या खेळांत फार लवकर आले, पण निवडून. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षस हा स्वतंत्र प्राणी आहे. वाघाचे तोंड, उलटे तळवे आणि फसवी रूपे अशी त्याची ओळख तिथे झाली. २०२२ च्या एका संग्रहात मिमी मंडल यांची बंगाली वळणाची शंखभूमी आली. नोमचा खराखुरा भाऊबंद असलेला यक्ष मात्र मुख्य खेळाडू-वंशांत कधी बसला नाही. कुबेराचा खजिना राखणारे, जमिनीखालच्या धनाची जाण असलेले, रूप बदलणारे, कधी उदार कधी कोड्यात टाकणारे यक्ष आणि गुह्यक हे पॅरासेल्ससच्या मातीतल्या जीवांशी किती जुळतात, ते सहज दिसते. आणि यक्षाचे ठेंगणे रूप तर मराठवाड्यातच सापडले आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात पितळखोरे लेणी आहेत. तिथे गेल्या शतकाच्या पन्नाशीत पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांच्या कामात इसवी सनापूर्वीच्या काळातला एक यक्ष हाती आला. बुटका, ढेरपोट्या, गळ्यात दागिने, दोन्ही हात वर करून डोक्यावर पात्र तोललेला आणि तोंडभर हसणारा. हाताच्या मागच्या बाजूला ब्राह्मीत कोरले आहे की हे काम कण्हदास नावाच्या सोनाराने केले. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गार्ल ग्लिटरगोल्ड कल्पिणाऱ्यांनी हा यक्ष पाहिला असण्याचे कारण नाही, पण सोनाराने घडवलेला हसरा बुटका हा दोघांचाही सारांश आहे. महाभारताच्या आदिपर्वातले अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषीही इथे आठवतात. गाईच्या खुराच्या खड्ड्यातले पाणी ओलांडताना त्यांची तारांबळ उडाली, इंद्र त्यांना हसला, आणि त्यांच्या तपातून इंद्राला हरवणारा गरुड जन्मला. लहानाला हसल्याचे परिणाम सांगणारी ही कथा कोणत्याही नोम-खेळाडूला आवडावी.

असा वंश मराठीत लिहून खेळायला आज कायद्याची आडकाठी नाही. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय दिले की ते कोणालाही भाषांतरित करता येतात, बदलता येतात, विकताही येतात. म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावात मोबाइलवर ते फुकट उतरवून घेऊन, त्यावर आपल्या बोलीतला खेळ उभा करणे शक्य आहे. फासा नसला तर वीस चिठ्ठ्यांवर भागते. या खुल्या नियमांत नोम आहे, पण डोंगरी नोम तेवढा. चावीची यंत्रे जुळवता येतात, भासाचे खोके मात्र जन्मजात मिळत नाही.

२०२४ च्या सुधारित हँडबुकात ‘वंश’ या जुन्या शब्दाच्या जागी ‘प्रजाती’ आली. अंगभूत गुणांची वाढ प्रजातीवरून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडली गेली. त्यामुळे नोम जन्मतःच हुशार हे गृहीतकही गेले. हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क या वेळी वगळले गेले, नोम राहिला. त्याची चाल आता बहुतेकांइतकीच तीस फूट आहे. २०२५ मध्ये खुल्या झालेल्या पुढच्या नियमसंचात रानातला नोमही आहे, आणि त्याच्याबरोबर तो पाच फुटांचा भासही.